कूलर चालू, तरी जीव का गुदमरतो?

2019 साली रमजान मे महिन्यात आला होता. परभणीचा मे म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पारा 42-44 अंशांवर जाणे आपल्याकडे नवे नाही. शाळेला सुट्टी होती. अम्मींना रोजा होता, म्हणून आम्ही त्यांच्यासाठी आतल्या खोलीत कूलर लावून दिला, टाकी काठोकाठ भरली, आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेतले. खिडकी आधीच बंद होती, तिच्यावर जाड पडदा होता.

जोहरच्या नमाजनंतर डोकावलो तेव्हा अम्मी घामाने चिंब झालेल्या. चादर ओलसर, फरशी चिकट, आणि कूलर मात्र घरघरत चालू. "बेटा, दम घुटरा," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांना उचलून ओसरीवर आणले. डॉक्टरांनी तपासून रोजा सोडायला सांगितले, मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावले. अल्हम्दुलिल्लाह, संध्याकाळपर्यंत तबियत सावरली. पण तो रोजा सुटल्याचे दुःख अम्मींना पुढे कितीतरी दिवस होते.

आम्ही कूलरलाच दोष दिला आणि मिस्त्रीला बोलावले. त्याने पंखा पाहिला, मोटार पाहिली, आणि कशालाही हात न लावता समोरचे दार व खिडकी उघडली. दहा मिनिटांत खोली बदलली. तो म्हणाला, "कूलर ठीक आहे. तुम्ही हवेला बाहेर जायला वाटच ठेवली नाही." दोघे शिक्षक असलेल्या घरात ही साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

कूलर आणि एसी एक नव्हेत

चूक अशी होते की एसीचा नियम आपण कूलरला लावतो. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवून गार करतो, म्हणून दारे-खिडक्या लावाव्या लागतात. कूलरचे तसे नाही. तो बाहेरची गरम, कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो. पाण्याची वाफ होते आणि ती वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते. 1 लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. बाहेर 42 अंश आणि हवा कोरडी असेल, तर चांगला कूलर 26 ते 28 अंशांची हवा देऊ शकतो.

पण ही हवा गार असते तशी दमटही असते. ती बाहेर पडली नाही तर खोलीत दमटपणा साचत जातो. मग गवतातल्या पाण्याची वाफ होणे मंदावते आणि अंगावरचा घामही वाळत नाही. घाम वाळला नाही की शरीर गार होत नाही. म्हातारी माणसे, लहान मुले, गरोदर बाया आणि रोजेदार यांना त्याचा त्रास आधी होतो. शिवाय कोंडलेल्या खोलीत पंखाही नवी हवा पुरेशी आत ढकलू शकत नाही.

म्हणून नियम एकच: जेवढी हवा आत येते तेवढीच बाहेर गेली पाहिजे. मिनिटाला 1000 घनफूट हवा फेकणाऱ्या कूलरसाठी साधारण 2 चौरस फूट वाट लागते. पत्र्याचे मोठे कूलर याच्या दुप्पट हवा फेकतात. म्हणजे समोरच्या बाजूची एक लहान खिडकी पूर्ण उघडी हवी. कूलर स्वतः खिडकीत किंवा खिडकीबाहेर असावा, त्याला बाहेरची हवा मिळावी. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर तीच दमट हवा पुन्हा ओढत बसतो.

उदबत्तीची परीक्षा

तुमच्या घरात हवा फिरते का, हे पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. कूलर चालू करून समोरच्या दारात किंवा खिडकीत उदबत्ती धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला तर वाट ठीक आहे. धूर जागच्या जागी घोटाळला किंवा आत परतला तर हवा अडते आहे. पातळ ओढणी दारात धरली तरी हेच कळते. भिंती-फरशी ओलसर लागणे, कपाटातल्या कपड्यांना वास येणे, सकाळी उठल्यावर डोके जड असणे, या खुणाही तेच सांगतात.

वाट असूनही हवा कमी येत असेल तर दोष कूलरमध्ये शोधावा. आपल्याकडे बहुतेक घरी बोअरचे पाणी वापरतात. ते जड असते. त्यातले क्षार गवतावर पांढरे थर धरतात, गवत दगडासारखे होते आणि हवा आत येत नाही. गवत दरवर्षी उन्हाळ्याआधी बदलावे. पाणी सगळ्या बाजूंनी सारखे पडते का ते पाहावे. कोरड्या राहिलेल्या भागातून गरम हवाच आत येते. पात्यांवरची धूळ पुसावी. हे सारे करताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढून ठेवावा. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल तर ओल्या हाताने शॉक बसून जीव जाऊ शकतो. मुलांना हे बजावून सांगावे.

टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्याची ही सफाई त्याआधीच त्याची साखळी तोडते. काढलेले पाणी अंगणात शिंपडावे, म्हणजे टंचाईच्या दिवसांत तेही वाया जात नाही.

आणि एक: पावसाळा लागला की हवाच दमट होते. तेव्हा कूलरमध्ये पाणी घालून उपयोग नसतो. मोटार बंद करून नुसता पंखा चालवावा.

ज्यांच्या घरी एसी आहे त्यांनी जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी. जाळी धुळीने भरली की हवा कमी येते, आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि बिल मात्र वाढते. बाहेरच्या यंत्रासमोर सामान रचू नये. दिवसातून एक-दोनदा थोडा वेळ खिडकी उघडावी, कारण एसी हवा गार करतो, ताजी करत नाही.

पडदाही राहील, हवाही येईल

आता थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या कित्येक घरांत आतली खोली आणि स्वयंपाकघर ही सर्वात कोंडलेली जागा असते. बैठकीला दोन खिडक्या, आणि जिथे बायका दिवसभर राबतात तिथे एकही नाही. कारण विचारले तर उत्तर मिळते, "बेपर्दगी होते." पुरुष दुकानात, शेतात, कामावर जातात. पत्र्याखालची दुपार काढतात ती आई, बहीण, सून.

पण पडदा आणि हवा यांचे वैर नाही. आपल्या जुन्या कारागिरांनी त्यावर जाळीचा उपाय केला होता. छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीच्या औरंगाबादचा) बीबी का मकबरा अनेकांनी पाहिला असेल. तिथे मजारीभोवती संगमरवराची कोरीव जाळी आहे. जाळीतून उजेड येतो, हवा येते आणि आडही राहते. इराणातल्या यज्द शहरात घरांवर उंच बादगीर बांधत. वरचा वारा पकडून ते खोल्यांत उतरवत. आपल्या मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांतही जाड मातीच्या छताला धूर आणि गरम हवा जाण्यासाठी झरोका असे. माळवदे गेली, पत्रे आणि स्लॅब आले, त्याबरोबर झरोकेही गेले.

महाल बांधायची गरज नाही. गरम हवा वर चढते, म्हणून भिंतीत छताजवळ सिमेंटची जाळी बसवावी. त्या उंचीवरून कोणाची नजर आत येत नाही. नवे घर बांधणाऱ्यांनी एक हिशोब ध्यानात ठेवावा: उष्ण व कोरड्या भागात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान दहाव्या भागाएवढी उघडी जागा असावी. 10 बाय 12 ची खोली असेल तर 12 चौरस फूट. खिडक्या समोरासमोर असतील तर उत्तम.

हिवाळ्यातली शेगडी

उन्हाळ्यात कोंडलेली हवा त्रास देते, हिवाळ्यात ती जीव घेऊ शकते. आमच्या नात्यातली एक बाळंतीण जानेवारीत माहेरी होती. वारा लागू नये म्हणून दार-खिडकी बंद, फटींत कपडा कोंबलेला, आणि खाटेखाली कोळशाची शेगडी. रात्री तिचे डोके दुखू लागले, मग उलट्या. घरच्यांना वाटले, अशक्तपणा असेल. पहाटे खालाजान तिला उठवायला गेल्या तर ती डोळे उघडेना. दार सताड उघडून दोघांना बाहेर आणले, दवाखान्यात नेले. आई आणि बाळ दोघेही वाचले, ही अल्लाहची मेहरबानी.

बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. म्हणून शेक द्यायचा असेल तर दार किंवा खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागे असताना द्यावा, आणि झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर न्यावी. बाळाला ऊब द्यायला गोधडी, टोपी आणि आईची कूस पुरेशी असते.

अम्मींच्या खोलीत आता छताजवळ दोन जाळ्या आहेत आणि कूलरसमोरची खिडकी दिवसभर उघडी असते. खर्च फार आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात नमाज, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सगळे याच घरांत व्हायचे आहे. आज संध्याकाळी एक उदबत्ती पेटवा आणि प्रत्येक खोलीत फिरून पाहा. सुरुवात मात्र त्या खोलीपासून करा जिथे घरातल्या बायका सर्वात जास्त वेळ असतात.