‘सवय’ की ‘निवड’? : किडींच्या प्रतिकारक्षमतेविषयी एक टिपण

शिरूर व दौंड या तालुक्यांत, फवारणी करूनही मक्यावरील लष्करी अळी मरत नाही असे दिसले की ‘किडीला औषधाची सवय झाली’ असे म्हटले जाते. अनुभवाचे वर्णन म्हणून हे वाक्य यथार्थ आहे. परंतु ‘सवय’ या शब्दात एक उपपत्तीही दडलेली आहे. सवय व्यक्तीला होते, आणि ती होण्यासाठी त्या वस्तूशी वारंवार संबंध यावा लागतो. अर्थात् विषानेच किडीत प्रतिकार उत्पन्न केला, असे आपण नकळत गृहीत धरतो. हे कितपत खरे आहे?

हा प्रश्न सोडविण्यास सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचे साहाय्य झाले. मॅक्स डेलब्रुक हे मूळचे त्या शास्त्राचे अभ्यासक. साल्वादोर लुरिया यांच्यासह त्यांनी १९४३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनेक नळ्यांत जीवाणू स्वतंत्रपणे वाढवून मग त्यांची विषाणूंशी गाठ घालण्यात आली. विषाणूंच्या संपर्कामुळेच प्रतिकार उपजत असता, तर वाचलेल्या जीवाणूंची संख्या सर्व नळ्यांत जवळजवळ सारखी यावयास हवी होती. प्रत्यक्षात कित्येक नळ्यांत एकही वाचला नाही, तर एखाद्या नळीत शंभराहून अधिक वाचले. जेथे उत्परिवर्तन लवकर घडले, तेथे त्याची संतती मोठी झाली, हेच याचे कारण होय. प्रतिकार विषाणूंच्या भेटीपूर्वीच अस्तित्वात होता.

कीटकांच्या बाबतीतही मर्म हेच आहे. लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातील. भारतात ती २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. प्यूर्टो रिको बेटावर बीटी मक्याला न जुमानणाऱ्या तिच्या प्रजेत एका विशिष्ट जनुकातील बदल कारणीभूत असल्याचे आढळून आले. एकेक अळी विषाला सरावत नाही. ज्या अळ्यांत असा बदल आधीच असतो त्या उरतात, आणि पुढची पिढी त्यांची होते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. ‘सवय’ मानली की तेच औषध अधिक वेळा मारावे, असे वाटू लागते. ‘निवड’ मानली, तर भिन्न प्रकारे काम करणारी औषधे आलटून पालटून वापरावीत, आणि विषाला बळी पडणाऱ्या किडीलाही थोडी जागा ठेवावी, हे पटते. समजा, प्रतिकाराचे जनुक अप्रभावी असून त्याचे प्रमाण हजारात १ आहे. तर त्याच्या दोन्ही प्रती असलेला कीटक दहा लाखांत सुमारे १ असेल. त्याचा संकर भोवतालच्या सामान्य कीटकांशी झाला, तर संततीस एकच प्रत मिळते व ती विषास बळी पडू शकते. बीटी कापसाभोवती साध्या कापसाच्या ओळी लावण्याच्या नियमामागील तत्त्व हेच.

ही कल्पना शेतकऱ्यास परकी नाही. बाजरीची उत्तम कणसे बियाण्यासाठी निवडून ठेवण्याची रीत जुनीच आहे. एकच औषध पुनःपुन्हा फवारणारा पंप किडीच्या बाबतीत तेच करीत असतो. तेव्हा कृषिविस्ताराच्या भाषेत ‘सवय’ऐवजी ‘निवड’ हा शब्द रूढ करणे इष्ट होय.