संगणक का रेंगाळतो?

संगणकावर चित्रे काढायला तुम्हांला आवडते ना? समजा, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही भित्तिपत्रक तयार करत आहात. तुम्ही एक फोटो घेता, त्यावर उर्दूत आणि मराठीत मजकूर लिहिता, रंग भरता. सुरुवातीला काम भराभर चालते. मग एकाएकी सगळे रेंगाळू लागते. ब्रश फिरवला तर रेघ उशिरा उमटते. पडद्यावर गोल चक्र फिरत राहते. आपण वैतागून म्हणतो, "हा संगणक जुना झाला. नवा घ्यायला हवा."

पण नवा संगणक घेणे प्रत्येकाला परवडत नाही आणि पुष्कळदा त्याची गरजही नसते. संगणक का रेंगाळतो हे समजून घेतले, तर साध्या संगणकावरही चांगले काम करता येते.

संगणक येण्यापूर्वी उर्दू पुस्तके आणि वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत असत. अशा एका कातिबाची कल्पना करा. तो छोट्या चौकीसमोर बसला आहे. कागद, कलम आणि दौत हाताशी असेल, तर त्याचे काम झरझर होते. पण चौकीवर जागाच उरली नाही, तर काही कागद कपाटात ठेवावे लागतात. मग तो सारखा उठतो, कपाटाकडे जातो आणि हवा तो कागद घेऊन परत येतो. त्याचा हात मंद झालेला नसतो. त्याचा वेळ ये-जा करण्यात जातो.

संगणकाचेही असेच आहे. 'रॅम' ही त्याची चौकी आणि 'हार्ड डिस्क' हे त्याचे कपाट. रॅम भरली, की संगणक काही माहिती डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. रॅमच्या मानाने डिस्क फारच मंद असते. म्हणून काम अडखळते.

चित्राला किती जागा लागते, याचा हिशोब करून पाहू. 'ए-४' आकाराचा कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके घेतले, तर चित्राच्या रुंदीत २,४८० आणि उंचीत ३,५०८ ठिपके येतात. त्यांचा गुणाकार सुमारे ८७ लाख होतो! प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा हे तीन रंग आणि पारदर्शकता यांचे मिळून चार बाइट लागतात. म्हणजे एका पानाला सुमारे ३३ एमबी जागा हवी. पूर्ण पान व्यापणारे दहा थर एकावर एक ठेवले, तर ३३० एमबी. आता कोणी एका इंचात ६०० ठिपके घेतले, तर रुंदीही दुप्पट आणि उंचीही दुप्पट होते. त्यामुळे जागा चौपट लागते, म्हणजे १,३२० एमबी!

यावर उपाय काय? 'गिंप' या चित्रे करण्याच्या प्रोग्रॅमचे उदाहरण घेऊ. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या अमेरिकेतील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली बर्कली येथे तो तयार करायला सुरुवात केली. तो मोफत मिळतो.

पहिली गोष्ट, कामाच्या वेळी नको असलेले प्रोग्रॅम बंद करा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की कोणता प्रोग्रॅम किती रॅम वापरतो ते दिसते. इंटरनेटची उघडी पानेही बरीच जागा अडवतात. मात्र ज्याचे नाव ओळखीचे नाही, ते बंद करू नका.

दुसरी गोष्ट, चित्र गरजेपुरतेच मोठे घ्या. दुरून पाहायच्या भित्तिपत्रकाला एका इंचात १५० ठिपके सहसा पुरतात. मग जागा एक चतुर्थांशच लागते. फोटो लहान करण्यापूर्वी मूळ फोटोची प्रत वेगळी ठेवा.

तिसरी गोष्ट, ज्या थरांवरचे काम पूर्ण झाले, ते एकत्र करा. एकत्र केलेल्या थरांतील अक्षरे पुन्हा बदलणे कठीण असते. म्हणून त्याआधी फाईलची एक प्रत ठेवा.

चौथी गोष्ट, गिंपला योग्य तेवढी रॅम द्या. 'प्रेफरन्सेस'मधील 'सिस्टिम रिसोर्सेस' या भागात 'टाइल कॅशे' असे लिहिलेले असते. तेथील आकडा फार लहान असेल, तर रॅम रिकामी असूनही गिंप डिस्ककडे धावतो. फार मोठा असेल, तर बाकीच्या कामांना जागा उरत नाही. ४ जीबी रॅम असेल, तर २ जीबीपासून सुरुवात करून पाहा. केलेली कृती मागे घेता यावी म्हणूनही गिंप रॅम वापरतो. ती मर्यादाही तेथेच कमी करता येते.

एवढे करूनही काम रेंगाळले, तर जाणकाराला विचारून रॅम वाढवावी किंवा जुन्या हार्ड डिस्कच्या जागी 'एसएसडी' बसवावी. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे माहिती लवकर मिळते. हा खर्च नव्या संगणकापेक्षा सहसा पुष्कळ कमी असतो.

मराठीत एक म्हण आहे, 'अंथरूण पाहून पाय पसरावे.' उर्दूतही चादर पाहून पाय पसरायला सांगतात. संगणकालाही हेच लागू पडते. पुढच्या वेळी संगणक रेंगाळला, तर त्याला दोष देण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि आपण त्याच्यावर किती ओझे घातले आहे याचा हिशोब करा.