दीर्घिका-फुगवटा
दीर्घिका-फुगवटा : तबकडीसारख्या दीर्घिकेच्या मध्यभागी असणारा ताऱ्यांचा दाट, फुगीर समूह. त्याचा आकार मोजताना त्यात मिसळलेला तबकडीचा प्रकाश गणिताने वेगळा करावा लागतो. केंद्रापासून बाहेर पृष्ठीय दीप्ती कशी घटते, हे होसे लुईस सेर्सिक यांच्या १९६३ मधील सूत्रातील निर्देशांकाने दर्शवितात. तो १ असल्यास घट घातीय असते. ४ असल्यास झेरार द व्होकुलर यांचे १९४८ मधील सूत्र मिळते. सामान्यतः २ हून अधिक निर्देशांकाचे फुगवटे दीर्घिकांच्या विलीनीकरणातून, तर कमी निर्देशांकाचे तबकडीतील द्रव्य मंदपणे आत सरकून बनले असावेत, असे मानतात. मात्र निर्णयासाठी ताऱ्यांच्या गतीही पहाव्या लागतात. आकाशगंगेचा फुगवटा बाजूने भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसतो. तो मुख्यतः मध्यवर्ती दंडाचाच जाड झालेला भाग आहे.