लवूळची वानरे आणि सुडाची कथा

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्याच्या लवूळ या खेड्याचे नाव अकस्मात जगभर गाजले. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर व गच्च्यांवर नेतात, आणि ती वरून पडून वा उपासमारीने मरतात, अशी मूळ हकीकत होती. परदेशी वृत्तपत्रांपर्यंत पोहोचेतो तिचे सूडनाट्य झाले. कुत्र्यांनी वानराचे पिलू मारले, म्हणून वानरांनी अडीचशे कुत्री मारली! एका खेड्यात इतकी पिल्ले जन्मतात तरी काय, हा साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

वस्तुतः वानर हा पाला, फळे व शेंगा खाणारा प्राणी. पिल्ले त्याने खाल्ली नाहीत. कळपात दुसरीचे पिलू छातीशी धरून हिंडण्याची, अंगावरील किडे वेचत बसण्याची या जातीची सवय प्रसिद्धच आहे. ती परक्या जातीच्या पिलावर चालली, तर त्या पिलाला दूध मिळत नाही आणि फांदी धरता येत नाही. सुडापेक्षा हा खुलासा अधिक पटणारा आहे. परंतु त्यात रंग नाही.

गावकऱ्यांची भीती मात्र खोटी म्हणता येणार नाही. पिल्ले सोडविण्यासाठी गच्चीवर चढलेली माणसे पडून जखमी झाल्याच्या बातम्या होत्या. अखेर नागपूरहून आलेल्या वनखात्याच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली.

या प्रकरणात माणसाची वृत्तीच अधिक तपासण्यासारखी आहे. शनिवारी मारुतीच्या पारावर ज्याच्यापुढे चणे-फुटाणे टाकायचे, तेच वानर हरभऱ्यात उतरले की त्याच्यामागे गोफण घेऊन धावायचे. अन्नाची सवय लावणारे आपणच, आणि धीटपणाचा ठपका त्याच्यावर! कुत्र्याच्या वाट्याला तर पूजाही नाही. शिळ्या भाकरीचा तुकडा व दगड एकाच हातातून येतात. वानराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार असल्याने निदान पिंजरा घेऊन कोणी आले. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नियम २००१ मध्ये झाले, २०२३ मध्ये नव्याने झाले, आणि भार स्थानिक संस्थांवर टाकला गेला. महानगरपालिकांनाही जो पेलत नाही, तो ग्रामपंचायतीने कसा उचलावा? बहुतेक ग्रामपंचायतींपाशी त्यासाठी ना शस्त्रक्रियेची जागा आहे, ना पशुवैद्य.