वेब-आज्ञावलीतून ई-मेल प्रेषण : ‘पाठविला’ या शब्दाचा अर्थ

विठ्ठलवाडी परिसरातील महाविद्यालयांत अंबरनाथ, बदलापूर आणि त्याही पलीकडून कर्जत मार्गावरील लोकलने विद्यार्थी येतात. प्रवेशयादी लागली, शुल्काची मुदत ठरली, की ते कळविण्याचे काम आता बहुधा ई-मेलवर सोपविले जाते. कार्यालयातील पडद्यावर ‘ई-मेल यशस्वीरीत्या पाठविला’ अशी अक्षरे उमटतात. समजा, मुदत उलटल्यावर एखादी विद्यार्थिनी ‘मला काहीच मिळाले नाही’ असे सांगत आली, तर विश्वास तिच्यावर ठेवावा की पडद्यावर? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची तांत्रिक बाजू मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

फ्रेमवर्कचे कार्य

जँगो (२००५) अथवा लाराव्हेल (२०११) यांसारखी फ्रेमवर्क म्हणजे वेब-आज्ञावलीची तयार चौकट होय. त्यांत मेल पाठविण्यासाठी दोन-चार ओळींची आज्ञा पुरते. तथापि, फ्रेमवर्क स्वतः टपाल वाहत नाही. ते मजकूर प्रमाणित रचनेत बसविते आणि एसएमटीपी या, १९८२ मध्ये आरएफसी ८२१ द्वारे निश्चित झालेल्या नियमसंहितेनुसार, तो एखाद्या मेल-सर्व्हरच्या हाती देते. मराठीच्या दृष्टीने त्याची एक सोय मोलाची आहे. मेलच्या शीर्षभागात मुळात केवळ रोमन अक्षरसंच चालत असे. त्यामुळे देवनागरी विषय सांकेतिक रूपात बांधून पाठवावा लागतो. हे काम फ्रेमवर्क बिनबोभाट करते.

‘२५०’ चा अर्थ

सर्व्हरने मेल स्वीकारला की तो ‘२५०’ हा संकेत देतो. जँगोची ‘सेंड_मेल’ ही आज्ञा त्यावर ‘१’ हे उत्तर परत करते आणि आपला पडदा आनंदाने यश जाहीर करतो. वास्तविक येथे पत्र केवळ टपालपेटीत पडलेले असते. पुढील सर्व्हर तात्पुरता अनुपलब्ध असल्यास (चारशेच्या मालिकेतील संकेत) मेल रांगेत थांबतो. प्रचलित नियमांनुसार असे प्रयत्न किमान चार ते पाच दिवस चालू ठेवणे अपेक्षित आहे. शुल्काची मुदत तीन दिवसांची असेल, तर मेल नियमाप्रमाणे वागूनही निरुपयोगी ठरू शकतो. पत्ताच चुकीचा असल्यास नकाराची सूचना पाठविणाऱ्याच्या पत्त्यावर परत येते. आणि तो पत्ता बहुधा ‘नो-रिप्लाय’ असतो, म्हणजे कोणीही न वाचणारी पेटी! विद्यार्थिनी आणि पडदा, दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता अशी निर्माण होते.

ओळखीचा प्रश्न

मेल स्वीकारणारा सर्व्हर पाठविणाऱ्याची ओळखही तपासतो. महाविद्यालयाच्या डोमेनवरून मेल पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे, हे एसपीएफ नोंद सांगते. डीकेआयएम ही मेलवरील सांकेतिक स्वाक्षरी होय. या तपासणीत मेल अनुत्तीर्ण झाल्यास काय करावे, हे डीमार्क ठरविते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल खात्यांवर मेल पाठविणाऱ्या प्रत्येकास गूगलने पहिल्या दोहोंपैकी किमान एक, तर दिवसाला ५००० वा अधिक मेल पाठविणाऱ्यांस तिन्ही आवश्यक केल्या आहेत. या नोंदी फ्रेमवर्कमध्ये नसतात. त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये कराव्या लागतात. आज्ञावली लिहिणारा आणि डोमेन सांभाळणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असल्या, की हे काम नेमके मधल्यामध्ये राहते.

व्यवहारातील पथ्ये

शेकडो मेल एकाच वेळी, वापरकर्त्याला पडद्यासमोर ताटकळत ठेवून पाठवू नयेत. मध्येच वेळमर्यादा संपते, लिपिक पुन्हा बटण दाबतो आणि काहींना दोन मेल जातात, तर काहींना एकही नाही. लाराव्हेलमध्ये यासाठी रांगेची सोय अंगभूत आहे. जँगोसोबत सेलरीचा वापर करता येतो. प्रत्येक मेलची स्थिती विद्यार्थ्याच्या नोंदीपुढे साठवावी आणि परत आलेल्या मेलची पेटी मुदत संपण्यापूर्वी रोज कोणीतरी उघडावी. ते ‘कोणीतरी’ नावानिशी ठरलेले असावे. पडद्यावर ‘पाठविला’ ऐवजी ‘सर्व्हरकडे सुपूर्द’ असे लिहिणे प्रस्तुत लेखकास अधिक प्रामाणिक वाटते. तसेच सूचनाफलकावर यादी लावण्याची जुनी पद्धत इतक्यात मोडीत काढू नये.