डॉक्टर कन्येची आणखी चार वर्षे

घरातील कन्या एम.बी.बी.एस. होऊन पुढे एम.डी. झाली, की व्यापारी कुटुंबात पुढचा हिशेब सुरू होतो. दवाखाना कोठे थाटावा, जागा विकत घ्यावी की भाड्याने, भांडवल किती लागेल? अशा वेळी ती म्हणाली, "मला आता पीएच.डी. करावयाची आहे," तर वडीलधारी मंडळी साहजिकच विचारतात, "आणखी चार वर्षे? रोगी बरे करावयास एवढे शिक्षण कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कोलकात्याच्या एका डॉक्टरांच्या आयुष्यात सापडते.

डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा जन्म १९३१ साली हजारीबाग येथे झाला. १९५५ मध्ये ते एम.बी.बी.एस. झाले. त्या काळी एवढ्या पदवीवर उत्तम व्यवसाय चालला असता. परंतु त्यांनी १९५८ मध्ये प्रजननाच्या शरीरक्रियेवर कलकत्ता विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली आणि १९६७ मध्ये एडिंबरो येथे संप्रेरकांच्या अभ्यासावर दुसरी.

या शिक्षणाने त्यांना काय दिले? वैद्यकाची पदवी जे ज्ञान सिद्ध झाले आहे ते रोग्यासाठी नीट वापरावयास शिकविते. पीएच.डी. त्याच्या पुढचे शिकविते: अज्ञात गोष्टीविषयी नेमका प्रश्न कसा मांडावा, मोजमाप कसे घ्यावे, स्वतःच्याच अनुमानाची उलटतपासणी कशी करावी आणि प्रत्येक पायरीची नोंद कशी ठेवावी.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातील पहिले परीक्षानळी बालक जन्मास आले. त्यामागील चमूत दोन माणसे प्रमुख होती. पॅट्रिक स्टेप्टो हे स्त्रीरोगतज्ज्ञ, तर रॉबर्ट एडवर्ड्स हे शास्त्रज्ञ. ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर रोजी, कोलकात्यात दुसरे बालक जन्मले. मुखोपाध्याय यांनाही दोन सहकाऱ्यांची साथ होती. पण रोगी आणि प्रयोगशाळा या दोहोंची जाण त्यांच्या एकट्याच्या ठायी होती. म्हणूनच त्यांची पद्धत वेगळी ठरली. इंग्लंडमध्ये निसर्गक्रमाने तयार झालेले एकच स्त्रीबीज घेतले गेले होते. मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन अधिक स्त्रीबीजे मिळविली. मात्र अशा औषधांनंतर त्याच महिन्यात गर्भाशय गर्भधारणेस अनुकूल नसते, हे संप्रेरकांच्या अभ्यासामुळे ते जाणून होते. म्हणून त्यांनी भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या नैसर्गिक ऋतुचक्रात तो मातेच्या गर्भाशयात सोडला. संप्रेरकांचा वापर आणि भ्रूण गोठविणे या दोन्ही गोष्टी आज जगभरच्या वंध्यत्व-उपचारांत रूढ आहेत.

परंतु त्या काळी त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष प्रजननशास्त्राचे अभ्यासक नव्हते. समितीने त्यांचा दावा फेटाळला. जपानमध्ये जाऊन आपले काम मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. पुढे नेत्रविकारांच्या संस्थेत त्यांची बदली झाली. १९ जून १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली. तपन सिन्हा यांचा १९९० चा 'एक डॉक्टर की मौत' हा चित्रपट याच शोकांतिकेच्या प्रेरणेतून निर्माण झाला.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परीक्षानळी बालक जन्मले, तेव्हा देशातील पहिले म्हणून त्याचा गौरव झाला. ते यश डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांच्या चमूचे होते. हिंदुजा यांनीही स्त्रीरोगतज्ज्ञ असतानाच याच विषयावर मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. १९९७ मध्ये आनंदकुमार यांच्या हाती मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे आली. ती बारकाईने वाचल्यावर त्यांची खात्री पटली. 'करंट सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी जाहीर केले की, भारतातील पहिल्या परीक्षानळी बालकाचे श्रेय आपल्याकडे नव्हे, मुखोपाध्याय यांच्याकडे जाते.

मालक दिवंगत झाला तरी चोख लिहिलेली वही त्याचा व्यवहार खरा ठरविते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. मुखोपाध्याय यांच्या बाबतीत हेच घडले. निकाल समितीने उलट दिला होता. न्याय टिपणांनी मिळवून दिला. अशी टिपणे ठेवण्याची शिस्त संशोधनाच्या शिक्षणात अंगी बाणते.

प्रत्येक डॉक्टराने पीएच.डी. करावी असे नव्हे. गावोगावी उत्तम दवाखाने हवेतच. परंतु ज्या थोड्या मुलामुलींना 'हा उपचार का चालतो आणि का फसतो' हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, त्यांना घराचे पाठबळ मिळावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६४ पासूनच वैद्यक आणि पीएच.डी. या दोन्ही पदव्या एकत्र घेणाऱ्यांस अर्थसाहाय्य देण्याची योजना चालविली आहे. आपल्याकडेही कुटुंबाचा आधार मोलाचा ठरतो. दवाखान्यासाठी बाजूस ठेवलेले भांडवल चार वर्षे थांबू शकते. कन्येची जिज्ञासा तेवढी थांबेल, याची खात्री कोणी द्यावी?