लिहून लिहून झिजलेली चिप

फायरवॉल मेली आहे हे कळायला बऱ्याचदा लाइट जावी लागते. तोवर ती मेलेली असूनही काम करत असते. येणारा-जाणारा डेटा तपासण्याचं काम रॅममधून चालतं, नियमही पेटी सुरू होतानाच रॅममध्ये उतरलेले असतात. त्यामुळे खालची साठवण संपली तरी इंटरनेट चालू राहतं आणि कुणाची तक्रार येत नाही. मग एखाद्या गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, यूपीएसची बॅटरी दुपारपर्यंत तग धरत नाही, आणि लाइट परत आली तरी पेटी काही उठत नाही.

शिरूर-दौंड पट्ट्यात नेटवर्कची देखभाल हे माझं काम. रांजणगाव एमआयडीसीतले छोटे कारखाने, शिरूरमधले दवाखाने, न्हावरे-चौफुला मार्गे दौंडकडे उतरलं की पतसंस्था, शाळा, कुरकुंभच्या बाजूची गोदामं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हापासून इकडच्या पतसंस्थांचे संचालकही फायरवॉलचं विचारू लागले. मोठी महागडी यंत्रणा सगळ्यांना झेपत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी पंखा नसलेली, पुस्तकाएवढी पेटी असते आणि तिच्यावर फ्रीबीएसडीच्या पायावर उभं असलेलं पीएफसेन्स किंवा तशीच एखादी प्रणाली. अशा पेटीत साठवणीला ईएमएमसी चिप असते, ८ किंवा १६ जीबीची, थेट बोर्डावर झाळलेली.

दौंडच्या एका पतसंस्थेतून फोन आला तेव्हा उसाची बिलं जमा होण्याचे दिवस होते. काउंटरसमोर शेतकऱ्यांची रांग आणि आत सगळे संगणक ढिम्म. "अहो दादा, सकाळी लाइट जाईपर्यंत तर चालू होतं!" मॅनेजर मॅडम म्हणाल्या. त्यांचं खोटं नव्हतं. पिशवीतली जादा पेटी काढली, त्यांच्या कॉन्फिगचा बॅकअप तिच्यात भरला आणि काउंटर सुरू करून दिला. पीएफसेन्समध्ये ही मोठी सोय आहे. सगळे नियम, पत्ते, व्हीपीएनच्या किल्ल्या एकाच एक्सएमएल फाइलमध्ये असतात. ती फाइल बाहेर सुरक्षित असेल, तर पेटी गेली तरी फक्त लोखंड गेलं.

रांग हलू लागल्यावर जुनी पेटी मागच्या खोलीत टेबलावर घेतली. कन्सोलची केबल लॅपटॉपला जोडली, वेग १,१५,२०० ठेवला आणि पेटीला वीज दिली. बूटलोडर आला, कर्नल आला आणि मग 'एमएमसीएसडी०' या नावापुढे टाइमआउटच्या ओळी एकाखाली एक सरकू लागल्या. फ्रीबीएसडी ईएमएमसीला याच नावाने ओळखतं. दर ओळीमागे पेटी काही सेकंद थांबते, पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा हरते. शेवटी रूट फाइलसिस्टिम सापडली नाही म्हणून ती प्रॉम्प्टवर येऊन थांबली.

रबरी पायांजवळचे स्क्रू काढून झाकण उचललं. आत धुळीचा मऊ थर, प्रोसेसरवर थर्मल पॅड आणि त्याच्या शेजारी ती काळी चिप, साडेअकरा मिलिमीटर बाय तेरा. वरून पाहिलं तर काहीच कळत नाही. जळाल्याची खूण नाही, वास नाही. तिच्या पोटाखाली झाळाचे १५३ बारीक मणी असतात. हॉट एअर गनने चिप उचलून दुसरी बसवता येते, मोबाइल दुरुस्तीवाले हे करतातही. पण फायरवॉलच्या बोर्डावर मी तो धोका पत्करत नाही. एक मणी हलला, तर पेटी भंगारात.

ती झिजते कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. फ्लॅश मेमरी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली, आणि आज वापरात असलेला नॅन्ड हा प्रकार १९८७ मध्ये. या मेमरीत प्रत्येक पेशीभोवती ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. लिहिताना आणि पुसताना जास्त दाबाची वीज देऊन त्या थरातून इलेक्ट्रॉन ढकलले जातात, आणि दर वेळी थर थोडा कमजोर होतो. शिवाय लिहिता येतं पान-पान, पण पुसावा लागतो पानांचा अख्खा गठ्ठा. पाटीवरचं एक अक्षर बदलायला सगळी पाटी पुसून पुन्हा लिहावी, तसं. म्हणून शंभर-दीडशे बाइटची लॉगची एक ओळ चिपला कित्येक पट महागात पडते.

हिशोब मांडून पाहू. चिप ८ जीबीची, प्रत्येक पेशी ३,००० वेळा पुसता येते असं धरू. म्हणजे आयुष्यभरात ढोबळ २४ टीबी. आता फायरवॉलवर घुसखोरी ओळखणारं सुरिकाटा लावलं, जाहिराती आणि वाईट पत्ते अडवणारं पॅकेज लावलं, कोण कुठल्या साइटवर जातो त्याचे आलेख काढणारं साधन लावलं आणि मिळून दिवसाला १० जीबी लिहिलं गेलं, तर चौपट वाढीने चिपवर ४० जीबी पडतात. ६०० दिवसांत, म्हणजे दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, आयुष्य संपलं. पॅकेज नसलेली साधी पेटी याच चिपवर वर्षानुवर्षं चालते. विक्रेता पॅकेजची यादी अभिमानाने दाखवतो, चिपबद्दल बोलत नाही. याचा मला राग येतो.

अमेरिकेत हीच गोष्ट मोटारींत घडली. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्समध्ये ८ जीबीची ईएमएमसी होती. लॉग लिहून लिहून ती भरत आणि झिजत गेली, आणि पडद्याबरोबर मागचा कॅमेराही बंद पडू लागला. तिथल्या वाहन सुरक्षा संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये पत्र पाठवलं आणि पुढच्याच महिन्यात सुमारे १,३५,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. लाखो रुपयांच्या गाडीचं घोडं जिथे अडलं, तिथेच दौंडच्या पतसंस्थेचंही अडलं.

लॉग बंद करा म्हणावं, तर तेही चालत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांपासून सरकारी कार्यालयांपर्यंत सगळ्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. निर्देश योग्यच आहेत. चोरी झाल्यावर माग काढायला दुसरं असतं काय? फक्त ते १८० दिवस ८ जीबीच्या झाळलेल्या चिपवर काढायचे नसतात.

दौंडच्या त्या पेटीत सुदैवाने एसएसडीसाठीचा एम.२ स्लॉट मोकळा होता. इथे घाई करू नये. स्लॉट एकसारखे दिसतात, पण एकात सॅटा चालतं, दुसऱ्यात एनव्हीएमई, आणि चुकीची एसएसडी बसली तरी पेटीला ती दिसत नाही. सॅटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईच्या पट्टीला एक. लांबीही पाहावी लागते: ४२ मिलिमीटरच्या जागेत ८० मिलिमीटरची पट्टी मावत नाही. कार्ड तिरकं धरून स्लॉटमध्ये सरकवायचं, दाबून आडवं करायचं आणि टोकाचा बारीक स्क्रू फिरवायचा. तो स्क्रू एसएसडीसोबत येतोच असं नाही, म्हणून माझ्या डबीत वेगळे ठेवलेले असतात.

मग पेनड्राइव्हवरून नवी प्रतिष्ठापना. इन्स्टॉलर कुठे लिहू विचारतो, तेव्हा 'एमएमसीएसडी०' नाही, सॅटाची 'एडीए०' निवडायची. फाइलसिस्टिम झेडएफएस. आमच्याकडे लाइट कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर झेडएफएस त्यातून सावरतं. यानंतरची पायरी बरेच जण विसरतात: जुन्या चिपवरची बूटची आणि झेडएफएसची खूण पुसणं. ती राहिली, तर एकाच नावाचे दोन पूल समोर येतात आणि पेटी कधी कुठून उठेल याचा भरवसा नाही. या चिपने पुसण्याचे शेवटचे हुकूम तरी ऐकले. काही चिप तेवढंही ऐकत नाहीत, मग बूटचा क्रम बदलून एसएसडी आधी लावावी लागते. शेवटी एक्सएमएल फाइल परत भरली आणि पेटी पूर्वीच्याच नियमांनी उभी राहिली.

फरक किती पडतो? सॅमसंगच्या ८६० इव्हो या साध्या सॅटा एसएसडीच्या २५० जीबीच्या प्रतीला कंपनीने १५० टीबी लेखनाची हमी दिली होती, आणि गेली तरी ती एका स्क्रूत बदलता येते. तरीही मी लॉग तिच्यावर साठवत नाही. सिस्लॉगने ते संस्थेतल्याच एका संगणकावर पाठवतो. पेटीपुरता लॉग थोडका, मागचा पुसून पुढचा.

आता प्रत्येक ठिकाणी गेलो की ईएमएमसीची तब्येत आधी विचारतो. २०१३ च्या ईएमएमसी ५.० मानकापासून चिप स्वतःची झीज सांगते, आणि एमएमसी-यूटिल्सने ती वाचता येते. १ म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत वापर, २ म्हणजे वीसपर्यंत, असं चढत ११ म्हणजे ठरलेलं आयुष्य ओलांडलेलं. पडद्यावर ११ ऐवजी 'बी' दिसतो, कारण तो आकडा सोळाच्या पायात असतो. राखीव गठ्ठे किती उरले याचा आकडा वेगळा: १ ठीक, २ सावध, ३ तातडी.

रांजणगावच्या एका कारखान्यात परवा झिजेचा आकडा वाचला तो ८ निघाला, आणि त्या पेटीत एम.२ स्लॉटच नाही. मालकांना स्पष्ट सांगितलं, "साहेब, ही दुरुस्त होणारी नाही, पण अजून मेलेली नाही." जड पॅकेज काढली, तात्पुरत्या फाइल आणि लॉग रॅम डिस्कवर नेले, लांबचा सिस्लॉग लावला, कॉन्फिग लॅपटॉपवर घेतली. नव्या पेटीच्या कोटेशनमध्ये त्यांनी माझ्यासमोरच पेनने एक ओळ घातली: साठवण काढता-बसवता येणारी हवी.